मॅडम, तुम्ही फळ्यावरचा आकडा पुसलात त्याबद्दल

मॅडम,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘अहो, त्यात काय’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय. इथे तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही.

आमच्या गटाने ट्रेनिंग काही कमी बघितलेली नाहीत. घणसोली गावातल्या आम्ही अकराजणी, नऊ वर्षं आगरी मसाला करतोय. बचत गट म्हटला की वर्षाकाठी एखादं बोलावणं येतंच. मागे एक सर आले होते. पडद्यावर सगळं इंग्रजीत, ‘मार्केटिंगचे फोर पी’. चौथा पी येईस्तोवर मागच्या रांगेत दोघींचा डोळा लागला होता. शेवटी ‘एनी डाउट्स?’ म्हणाले आणि आम्ही तोंड उघडायच्या आत लॅपटॉप मिटला. मग सह्या, बॅनर धरून फोटो, वडापाव. त्यानंतर एक बाई आल्या. त्यांनी सुरुवातच ‘तुम्हा बायकांना हिशेब जमत नाही’ इथून केली. हिशेब जमत नव्हता हे खरंच होतं, ते पुढे येईलच. पण त्यांना ते न बघताच कसं कळलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तुमचा मेसेज ट्रेनिंगच्या आठ दिवस आधी आला. आम्हाला वाटलं, आधार कार्डाची झेरॉक्स मागितली असेल. तर त्यात होतं, ‘येताना प्रत्येकीने एक गोष्ट बघून या.’ एकीने वाशीच्या मसाला मार्केटात तीन दुकानांत बेडगी आणि लवंगीचा भाव विचारायचा. एकीने डंक्यावर बसून कांडपाला किती वेळ आणि किती पैसे लागतात ते लिहायचं. एकीने किराणा दुकानातली पाच पाकिटं उलटी करून मागे काय छापलंय ते टिपायचं. मला सांगितलं होतं, एक किलो बेडगी आणा आणि प्रत्येक कामानंतर तोला. अर्ध्या पानापेक्षा जास्त लिहायचं नाही, अशी वर ताकीद.

मी हसले होते, खोटं कशाला सांगू. नऊ वर्षं मिरची खुडणाऱ्या बाईला मिरची तोलायला सांगतात! पण देठं खुडली, दोन उन्हं दिली आणि काट्यावर ठेवली तर ८७५ ग्रॅम. काटा बिघडला असेल म्हणून गिरणीवाल्याकडे जाऊन पुन्हा तोलली. तेवढीच. म्हणजे आठ किलो आणली की हातात सात. आम्ही आजवर एक किलो मिरचीचा भाव तो एक किलो मसाल्यातल्या मिरचीचा भाव, असाच धरत आलो होतो. त्या रात्री मी अंथरुणात पडून नऊ वर्षांचे किलो मोजत होते.

समाजमंदिरात त्या दिवशी कुणी झोपलं नाही. झोपणार कशी? प्रत्येकीकडे दुसरीला ठाऊक नसलेलं काहीतरी होतं. पाकिटांचं काम आमच्या सगळ्यात वयस्कर मावशींकडे आलं होतं. ‘मना वाचता येत नाय’ म्हणून त्या आधी रुसल्या, मग नातवाला घेऊन दुकानात गेल्या. तो वाचायचा, त्या लक्षात ठेवायच्या. पाचही पाकिटांवर हिरवा ठिपका, वजन, किंमत, तारीख, पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न-सुरक्षावाल्या सरकारी खात्याचा, १४ आकडी नंबर. हे सगळं बोटांवर मोजून दाखवल्यावर त्या स्वतःच थबकल्या नि म्हणाल्या, ‘आपले पाकिटाव त तारीखच नाय गो!’ हेच तुम्ही म्हणाला असता तर आम्हाला लागलं असतं. मावशी म्हणाल्या म्हणून सगळ्या हसलो आणि कामाला लागलो. दोघींनी काहीच करून आणलं नव्हतं. त्यांना तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. हातात दोन पाकिटं आणि चष्मा दिलात, म्हणालात, ‘आता बघा, आम्ही चहा घेतो तोवर.’

पण मला लिहायचंय ते दुपारचं. तुम्ही फळ्यावर खर्च मांडत होता. मिरचीची घट म्हणून तुमच्या वहीतून ५० ग्रॅम लिहिलंत. मी हळूच म्हटलं, ‘माझी १२५ आली.’ म्हटलं आणि लगेच जीभ चावली. एवढ्या शिकलेल्या बाईला भर सभेत चूक दाखवली! तुम्ही वळून विचारलंत, ‘दोनदा तोललीत?’ मी मान हलवली. तुम्ही डस्टर शोधलं नाही. तळहातानेच तुमचा ५० पुसलात, १२५ लिहिलंत आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलंत, ‘घणसोलीचा काटा’. मग खालचं सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून केलंत. हाताला लागलेला खडू तुम्ही संध्याकाळपर्यंत धुतला नव्हता, तेही मी बघत होते.

मी दहावी नापास. आजवर मी सांगितलेला आकडा कुणी फळ्यावर लिहिला नव्हता. घरी तर पगार आणणाऱ्याचेच आकडे खरे असतात. माणसाला मान देणं म्हणजे शाल-श्रीफळ, असंच मी धरून चालले होते. मोठी माणसं चुकली की आवाज चढवतात, हे सासरी, बँकेत, रेशनच्या रांगेत सगळीकडे बघितलंय. पुसणारी पहिलीच बघितली. अशी माणसं असतात आणि कुठल्या बॅनरवर त्यांचा फोटो नसतो, हे मला आता या वयात कळतंय.

तर यंदा होळीनंतर आम्ही भाव वाढवला. गिऱ्हाईक कुरकुरलं, दोन-चार तुटलीही. बाकीच्यांना मी देठांचं गणित समजावून सांगते, आता तोंडपाठ झालंय. नंबरासाठी अर्ज केलाय. तारखेचा शिक्का मावशी स्वतः मारतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

पहिल्या कांडपातला अर्धा किलो तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. तुम्ही भेटवस्तू घेत नाही असं ऐकलं. भेट समजू नका, गृहपाठ समजा. घरच्या काट्यावर तोला आणि किती भरला ते कळवा. अर्ध्या पानापेक्षा जास्त लिहू नका.

तुमची,
काटेवाली