बाबांची दुनळी आणि दादा, तुमचे उपकार

दादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही समोर असलात की मला दोन शब्द नीट बोलता येत नाहीत, आणि बाबांच्या बंदुकीवर लेप चढवायचं काम संपल्यावर तर तुम्ही चहाचा कप ठेवून निघूनच गेलात. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. ज्यांच्या घरात वडिलांची किंवा आजोबांची बंदूक कपड्यात गुंडाळून पडलेली आहे आणि तिचं काय करावं ते कळत नाही, त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

बाबा गेल्यावर त्यांची बारा बोअरची दुनळी रीतसर परवान्यासकट माझ्या नावावर झाली. बाबा असेपर्यंत दर आठवड्याला तिला तेलाच्या चिंधीने पुसायचे. शेवटच्या आजारपणात दोन वर्षं ते राहून गेलं, आणि आम्हा कोणालाच ते सुचलं नाही. मी कापड सोडलं तेव्हा मूळचा निळसर काळा मुलामा जागोजागी उडालेला होता आणि दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या कडेने तपकिरी गंजाची रेघ धरली होती. मी तिथेच बसून रडले. दोष बंदुकीचा नव्हता, माझा होता, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

पहिल्या कारागिराने चार दिवसांत काळीकुळकुळीत करून परत दिली. महिन्याभरात पट्टीच्या कडेला फोड आले आणि नखाने ओढलं तर रंगाची सालच्या साल निघू लागली. जाब विचारायला गेले तर तो म्हणाला, ‘तुमच्या वडिलांनी आयुष्यभर तेल पाजून ठेवलंय या लोखंडाला. यावर कुठलाच रंग धरायचा नाही. चूक त्यांची आहे.’ पैसे गेले त्याचं मला काही नाही. पण गेलेल्या माणसावर, आणि तेही त्याने ज्या गोष्टीवर जीव लावला तिच्यावरून, असं बोलावं? दुसऱ्याने बंदूक हातात न घेताच ‘गरम ब्लूइंग करून टाकू’ म्हणून सांगितलं, आणि मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्या नवऱ्याकडे बघून दिलं. तिसरा म्हणाला, भिंतीवर टांगा आणि विसरा.

मग तुम्ही आलात.

तुम्ही आधी बंदूक उघडलीत, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं पाहिलंत आणि तशीच उघडी माझ्या हातात देऊन म्हणालात, ‘ताई, आता तुम्ही बघा.’ तोवर मला कोणी काही बघायला सांगितलंच नव्हतं. नंतर तुम्ही कामाला साफ नकार दिलात. परवानाधारक कारागिराकडून नळ्यांच्या भिंतींची जाडी मोजून घेतल्याशिवाय मी हात लावणार नाही, म्हणालात. लेपाने गंज थांबतो, रूप येतं. खचलेल्या लोखंडाला त्याने ताकद येत नाही. हे वाक्य मी तेव्हापासून चार जणांना तरी सांगितलं असेल. मोजमाप ठीक निघालं तेव्हा माझ्याइतकाच आनंद तुम्हाला झालेला मी पाहिला.

दुसऱ्या कारागिराचं ऐकलं असतं तर काय झालं असतं तेही तुमच्याकडूनच कळलं. गरम ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या क्षारांचं साधारण १४० अंश सेल्सिअसला उकळणारं पाणी. त्यात लोखंडावर काळा ऑक्साइड धरतो. अखंड नळीला ते चालतं. पण जुन्या दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी बऱ्याचदा कथील-शिशाच्या मऊ डाकाने जोडलेल्या असतात, आणि कॉस्टिक तो डाकच खातं. शिवाय पट्टीखाली शिरलेले क्षार बाहेर निघत नाहीत, ते आतून गंज करत राहतात. म्हणजे बंदूक वरून सुंदर झाली असती आणि आतून उसवत गेली असती.

याच कारणाने तुम्ही भट्टीत भाजायचा लेपही टाळलात. सेराकोट नावाचा बंदुकांवर मारायचा लेप मिळतो, त्याच्या एच मालिकेचा लेप १२१ अंशांना दोन तास भाजतात. कथील-शिशाचा डाक १८३ अंशांच्या आधी वितळू लागत नाही, म्हणजे आकड्यांनी पाहिलं तर भीती नव्हती. तरी तुम्ही म्हणालात, ‘शंभर वर्षांपूर्वी कोणी कसा डाक भरलाय ते मला दिसत नाही. हवेत सुकणारा मारू, चार दिवस जास्त थांबू.’ चार दिवस थांबण्याची तयारी असलेला माणूस मला त्या सगळ्या फिरण्यात पहिल्यांदा भेटत होता.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं ती सांगते.

जुना रंग उतरवून झाला होता. तुम्ही ॲसिटोनने नळ्या पुन्हा पुन्हा धुतल्यात आणि हलकी धग देऊन टांगून ठेवल्यात. थोड्या वेळाने पट्टीच्या कडेने तेलाची बारीक ओळ पाझरून वर आली. पुसलीत, धुतलीत, पुन्हा धग दिलीत. पुन्हा ओळ. तिसऱ्यांदाही तेच. मला त्या पहिल्या माणसाचं बोलणं आठवलं आणि तोंडातून निघून गेलं, ‘बाबांनी फारच तेल घातलं होतं ना?’ मी माफीच मागत होते तुमची, त्यांच्या वतीने.

तुम्ही हातातलं पांढरं फडकं उलगडून मला दाखवलंत. त्यावर मधासारखा पिवळट तपकिरी डाग होता. तुम्ही म्हणालात, ‘ताई, हे तेल होतं म्हणून आतलं लोखंड शाबूत आहे. गंज बघा किती वरवर आहे. ज्याने हिला सांभाळलंय त्याने नीट सांभाळलंय.’

आणि लगेच पुढच्या कामाला लागलात. तुमच्या लेखी ती कामातली एक माहिती असेल. मला मात्र उठून आत जावं लागलं. महिनोन्‌महिने मी जे ओझं घेऊन फिरत होते ते तुम्ही दोन वाक्यांत उतरवलंत, आणि खोटं सांत्वन करून नाही. फडकं समोर होतं, नळी समोर होती, गंजाचे खड्डे खरोखरच उथळ होते. खरं बोलून दिलेला दिलासा वेगळाच असतो. असं बोलायला पैसे लागत नाहीत, वेळ लागत नाही, तरी किती थोडी माणसं असं बोलतात! समोरच्याच्या घरातल्या गेलेल्या माणसाचा मान राखून काम करायचं, ही कुठल्या कारखान्यात शिकवायची गोष्ट नाही.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही नळीवर स्वच्छ पाणी सोडलंत. सगळीकडे पाण्याचा सलग पडदा राहिला, एका अंगठ्याएवढ्या जागी मात्र थेंब तुटून गोळा झाले. तेवढंच तेल उरलं होतं. उशीर झाला होता, मी स्वतः म्हणाले, ‘एवढ्याशाने काय होतंय, चालेल.’ तुम्ही साहित्य आवरायला घेतलंत आणि म्हणालात, ‘आज नको.’ दुसऱ्या दिवशी परत आलात आणि धुण्यापासून सुरुवात केलीत.

बाकीचं काम थोडक्यात सांगते, कारण हे वाचून कोणी आपल्या बंदुकीवर स्प्रे घेऊन बसू नये. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत केलात. साधी वाळू नाही, तिच्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात हेही सांगितलंत. नळ्यांच्या दोन्ही तोंडांना रबरी बुचं लावलीत, बिजागरीच्या आणि नळ्या चापाच्या भागाला जिथे टेकतात त्या जागांवर टेप लावलीत. लेप असतो जेमतेम २५ मायक्रॉनचा, पण तेवढ्यानेही बंद होताना बंदूक अडते. अनुक्रमांक बुजू नये म्हणून किती काळजी घेतलीत! ती बंदुकीची कायदेशीर ओळख आहे, तिला धक्का लावायचा नाही, हे तुम्ही ज्या आवाजात म्हणालात तो अजून कानात आहे. आणि स्प्रे सुरू करण्यापूर्वी माझा कापडी मास्क काढायला लावून मला खोलीबाहेर पाठवलंत, कारण द्रावकाची वाफ कापडाने अडत नाही. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, मिसळायच्या रंगांत आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असेल तर ते श्वासातून गेल्यावर दमा जडू शकतो. तुम्ही स्वतः फिल्टरचा मोठा मास्क लावून आत उभे होतात आणि मी काचेतून पाहत होते. पातळ फवारा, हात एका लयीत, कुठेही ओघळ नाही.

पाच दिवस कोणी हात लावायचा नाही असं बजावून गेलात. आईने पाचही दिवस त्या खोलीचं दार लोटून ठेवलं होतं.

सहाव्या दिवशी मी दुनळी जोडली. लाकडी पुढच्या दस्त्याखाली, जिथे कोणाची नजर कधी जाणार नाही, तिथली टेपची कडही तुम्ही सरळ रेषेत ठेवली होती. पहिल्या कारागिराने तिथे रंग मारलाच नव्हता. आता पट्टीच्या कडेला मी रोज बोट फिरवून बघते. फोड नाही, साल नाही, मंद काळी, न चमकणारी आहे. आईने हात फिरवला आणि म्हणाली, ‘त्यांना चमकणारी आवडत नव्हतीच.’

दादा, मोबदला तुम्ही साहित्याचाच घेतलात, मेहनतीचा घेतला नाहीत, त्यावर आपलं भांडण अजून बाकी आहे. ते मी घरी येऊन करीन.

एक सांगायचं राहिलं. बाहेरून आता कोरडं फडकं पुरेल, पण नळ्यांच्या आत लेप नाही, तिथे तेलाचा हात लागणारच, असं तुम्ही जाताना सांगितलंत. बाबांची चिंधी मी त्यांच्या कपाटात शोधली, सापडली. ती धुऊन वाळवली आहे आणि तेलाच्या डबीशेजारी ठेवली आहे. कालच पहिल्यांदा आतून तेल फिरवलं.

तुमची,
ताई