कुशनची एअर लाइन नीट करून देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

पत्रा दाबून आकार देणारा आमचा प्रेस चालू आहे आणि पीस फाटत नाहीयेत, हे आधीच सांगून टाकते कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय ते मुद्दाम. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं" म्हणत पाइप रेंच उचलून निघून जाता, म्हणून इथे अडवलंय तुम्हाला. आणि दुसरं असं की तुम्ही जे दाखवलंत ते ज्यांच्याकडे ड्रॉचं काम चालतं आणि प्रेसखाली एअर कुशन बसवलंय त्या सगळ्यांच्या नजरेखालून एकदा जावं असं मला वाटतं.

ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रॉ म्हणजे सपाट पत्रा डायमध्ये ओढून त्याला खोलगट आकार देणं. तो ओढला जातो तेव्हा त्याची कड दाबून धरावी लागते, ते काम ब्लँक होल्डर करतो, त्याला खालून कुशन पिनांचा आधार असतो, पिना बोल्स्टरच्या, म्हणजे प्रेसच्या जाड टेबलाच्या, भोकांतून खाली जाऊन कुशनच्या प्लेटवर टेकतात आणि ती प्लेट एका जाड एअर सिलेंडरवर बसलेली असते. प्लेट खाली दबली की सिलेंडरमधली हवा पाइपने शेजारच्या टाकीत जाते आणि नंतर परत येते. दाब कमी पडला की कडेला सुरकुत्या, जास्त झाला की कोपऱ्यात पत्रा फाटतो. एवढंच सगळं गणित, पण हे एवढंच सांभाळायला किती जण डोकं धरून बसतात ते प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यांना विचारा.

आमचं फाटणं विचित्र होतं. वरची कड स्वच्छ, भिंत अर्ध्यापर्यंत छान आणि अगदी शेवटी, ड्रॉ संपत आला की खालच्या कोपऱ्यात चीर. मग काय, नेहमीप्रमाणे पत्र्यावर आरोप, मग डायच्या रेडियसवर, मग ऑइल बदला, मग ऑपरेटर बदला. हवेकडे कोणी बघतच नव्हतं कारण एफआरएलवरचा (हवा गाळणारा, रेग्युलेटरने दाब ठरवणारा आणि तेल देणारा संच) गेज ५ बार दाखवत होता आणि सुई इकडची तिकडे होत नव्हती. सुई हलत नाही म्हणजे प्रेशर एकदम स्टेडी, असं सगळ्यांचं म्हणणं.

तुम्ही आलात, डायकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. खाली पिटमध्ये, म्हणजे प्रेसखालच्या खड्ड्यात, उतरलात, सिलेंडर आणि टाकी यांच्यामधल्या पाइपवर हात ठेवलात आणि प्रेस चालू ठेवायला सांगितलंत. मग वर बघून म्हणालात, "ताई, इथे हात लावा." पाइप चांगलाच कोमट होता, एल्बोजवळ तर जास्तच. नंतर तुम्ही म्हणालात की गेज चुकीच्या जागी बसलाय, तो एनआरव्हीच्या (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) अलीकडे आहे, पलीकडे काय चाललंय ते त्याला कळणारच नाही. पिशवीतला ग्लिसरीनचा गेज काढलात, हवा सोडून सिलेंडरच्या पोर्टजवळच्या प्लगच्या जागी बसवलात, आणि पहिल्याच स्ट्रोकला सुई ५ वरून थेट ७ च्या पुढे जाऊन परत आली. आमच्या टूलरूमवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते, बिचाऱ्यांनी तो रेडियस किती वेळा पॉलिश केला होता.

त्या दिवसानंतर मी कागद घेऊन बसले आणि तुम्ही तोंडी सांगितलेलं सगळं मांडून पाहिलं. सिलेंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ३०० मिमी, म्हणजे ५ बारला साधारण ३.६ टन ताकद. ड्रॉ १०० मिमी, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला सात लिटरच्या आसपास जागा कमी होते आणि तेवढी हवा टाकीत जाऊन बसायला हवी. जुनी टाकी वीसेक लिटरची. आता शाळेतला बॉईलचा नियम लावा, फक्त गेजच्या आकड्यात वातावरणाचा एक बार मिळवायला विसरू नका. हवेची जागा २७ लिटरवरून २० वर येते, म्हणून ६ चे होतात ८.१, म्हणजे गेजवर ७.१ बार. ताकद ३.६ टनावरून पाच टनाच्या वर, आणि तीही बरोबर ड्रॉच्या शेवटी, जिथे पत्रा आधीच ताणून पातळ झालेला असतो. फाटणार नाही तर काय होणार! आणि हे सावकाश दाबल्याचं गणित आहे, झटक्यात दाबली की हवा तापते आणि दाब अजून थोडा वर जातो. तुम्ही सुचवलेली ७० लिटरची टाकी घेतली तर तेच प्रेशर ५ वरून ५.६ पर्यंत चढतं, ताकद चार टनाच्या आसपास थांबते. तुम्ही कागद न घेता "जेवढी हवा सरकते त्याच्या दहापट टाकी ठेवा" एवढंच बोलला होतात, आणि मला ते पटायला दोन पानं खरडावी लागली.

पण टाकीपेक्षाही मला तुमचे आभार मानायचेत ते पाइपच्या बाबतीत. ज्या ठेकेदाराने आधी काम केलं होतं त्याने मेन हेडरपासून (शॉपमधला हवेचा मुख्य पाइप) सिलेंडरपर्यंत सगळीकडे अर्धा इंची पाइप ओढला होता, दिसायला एकसारखा आणि नीटनेटका, क्लॅम्प वगैरे अगदी ओळीत. तुम्ही म्हणालात की रेग्युलेटरपासून टाकीपर्यंत अर्धा इंची चालेल, कारण तिथून फक्त गळतीची भरपाई जाते, एकदा टाकी भरली की त्या लाइनला फारसं काम नाही. पण टाकी ते सिलेंडर ही सप्लाय लाइन नाहीच, ती सिलेंडरचाच भाग समजायचा. तिथली हवा प्रत्येक स्ट्रोकला जाते आणि येते. हेही मोजून पाहिलं काका. सात लिटर हवा अर्ध्या सेकंदात अर्धा इंचीतून जायची तर सेकंदाला साधारण ७० मीटर वेग लागतो, दोन इंचीतून साडेसहा. ७० मीटरच्या वेगाने हवा चार एल्बो वळणार म्हणजे पाइप तापणारच, आणि टाकी कितीही मोठी ठेवली तरी सिलेंडरला ती लांबच वाटणार. शिवाय परतीलाही तेच, कुशन उशिरा वर यायचं आणि ऑपरेटर पीस निघायची वाट बघत उभा. ते तर आम्ही प्रेस जुना झालाय म्हणून सोडून दिलं होतं.

मग तुम्ही टाकी उचलून प्रेसच्या पायाशीच आणलीत, मधला पाइप दोन इंची, एकच लांब बेंड, आणि मध्ये हादरे खाणारा फ्लेक्सिबल तुकडा. प्रेस अँटी व्हायब्रेशन पॅडवर आहे, टाकी जमिनीला बोल्ट केलेली, दोघांना ताठ पाइपने बांधलं तर आट्यांत चीर जाणार हे मला कोणी सांगावं लागलं नसतं, पण फ्लेक्सिबल पूर्ण ताणून बसवायचा नाही आणि पिळून तर अजिबात नाही, हे तुम्ही हातात धरून दाखवलंत.

एनआरव्हीचा विषय निघाला तेव्हा मी विचारलं होतं की तो काढूनच टाकला तर? तुम्ही हसलात आणि म्हणालात काढा आणि ऐका. आमचा रेग्युलेटर रिलीव्हिंग टाइपचा, मागून दाब चढला की तो जादा हवा बाहेर सोडतो, त्यामुळे एनआरव्ही नसेल तर प्रत्येक स्ट्रोकला फुस्स, आणि कॉम्प्रेसर बिचारा दिवसभर तेच भरत बसणार. म्हणजे एनआरव्ही हवाच. पण मग त्याची दुसरी बाजू येते आणि इथे मात्र काका मला खरंच घाम फुटला होता.

आमच्याकडे नियम काय, तर डाय बदलताना मेन बॉल व्हॉल्व्ह बंद, त्याला कुलूप, टॅग, झालं. व्हॉल्व्ह तीन वाटांचा होता, बंद केला की पुढची लाइन रिकामी करायचा, आवाजही यायचा, सगळ्यांना बरं वाटायचं. तुम्ही विचारलंत, "आणि टाकी?" टाकी एनआरव्हीच्या पलीकडे. लाइन रिकामी झाली तरी टाकीत आणि सिलेंडरमध्ये पूर्ण ५ बार तसेच. म्हणजे कुलूप लावून, टॅग लटकवून आमची पोरं साडेतीन टन ताकद खाली ठेवून वर हात घालत होती. कुणाला काही झालं नाही हे नशीब. मी सेफ्टीच्या फाइलवर सही करणारी माणूस आहे, त्यामुळे हे वाक्य लिहितानाही बरं वाटत नाहीये, पण लिहायला हवं कारण ही रचना आमच्या एकट्याकडे नक्कीच नसेल.

आता टाकीवर तिच्यातली हवा बाहेर सोडणारा वेगळा एक इंची डम्प व्हॉल्व्ह आहे, सायलेन्सरसकट, आणि त्याला उघड्या स्थितीत कुलूप लागतं. म्हणजे दोन कुलपं, मेन बंद आणि डम्प उघडा. त्यावरही तुमचं म्हणणं असं की गेज शून्यावर आला म्हणून विश्वास ठेवायचा नाही, गेज अडकतो, कुशन स्वतःच्या वजनाने खाली बसलंय का आणि पिना सैल झाल्यात का ते डोळ्यांनी बघायचं, मगच हात. ते वाक्य मी तसंच्या तसं प्रेसवर लिहून लावलंय. प्रेशर कमी करायचं असेल तेव्हाही नुसता रेग्युलेटर सैल करून भागत नाही, टाकीतून थोडी हवा सोडावी लागते, हेही खाली बारीक अक्षरात लिहिलंय, कारण नाइट शिफ्टवाले नॉब फिरवत बसायचे आणि म्हणायचे रेग्युलेटर खराब आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या आणि टाकीच्या मध्ये बॉल व्हॉल्व्ह टाकायला निघालेल्या आमच्या स्टोअरवाल्याला तुम्ही जे बोललात ते मात्र इथे लिहित नाही. तो मधला व्हॉल्व्ह बंद राहिला तर सेफ्टी व्हॉल्व्ह असून नसल्यासारखाच, हा मुद्दा त्याला कळलाय. पीव्हीसीचा पाइप स्वस्त पडेल म्हणणाऱ्या साहेबांना तुम्ही त्यामानाने फारच सौम्य शब्दांत सांगितलंत की पाण्याचा पाइप फुटला तर भिजायला होतं, दाबाखालच्या हवेचा पीव्हीसी फुटला तर तुकडे उडतात. साहेब गप्प.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी तर कितीतरी. हेडरमधून फांदी वरच्या बाजूने काढायची म्हणजे पाणी खाली येत नाही, खाली येणारा पाइप (ड्रॉप) सरळ खाली नेऊन टोकाला ड्रेन द्यायचा आणि मशीनसाठीची वाट बाजूने घ्यायची. टेफ्लॉन टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर टेपचा कातरा सुटून रेग्युलेटरच्या सीटवर जाऊन बसतो. पाइप कापल्यावर आतली बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, रीमरने काढायची आणि एफआरएल जोडायच्या आधी लाइन हवेने फुंकून घ्यायची, तुम्ही फुंकलीत तेव्हा समोर धरलेल्या फडक्यावर लोखंडाची काळी भुकटी आणि एक आख्खा वेल्डिंगचा मणी आला होता, तो मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलाय आणि नवीन येणाऱ्या ट्रेनीला दाखवते. टाकीचा ड्रेन रोज उघडायचा, पाणी साठलं की तेवढी हवेची जागा कमी, म्हणजे मोठी टाकी घेऊन पुन्हा लहान टाकीच. हे मला खरंच कधी सुचलं नव्हतं.

आणि गळती. साबणाचं पाणी आणि जुना ब्रश घेऊन तुम्ही प्रत्येक जोड स्वतः तपासलात, दुसऱ्याला दिलं नाहीत. मी तेव्हा मनात म्हणत होते की एवढं काय. नंतर पाहिलं तर ७ बारच्या लाइनला ३ मिमीचं भोक असलं तरी सेकंदाला साधारण १० लिटर हवा जाते, रात्रंदिवस, प्रेस बंद असतानाही. म्हणून आता ब्रश आमच्या महिन्याच्या चेकलिस्टमध्ये आहे.

काका, तुम्ही या कामाचं जे काही घेतलंत ते कामाचंच घेतलंत. पण प्रत्येक ठिकाणी थांबून "का" ते सांगितलंत, मला स्वतःला पाना धरायला लावलात, माझ्या स्केचवर लाल पेनने रेघोट्या मारल्यात, आणि आमच्या हेल्परने विचारलेल्या साध्या प्रश्नालाही तेवढाच वेळ दिलात, याचं बिल कुठल्या कॉलममध्ये लिहायचं ते मला माहीत नाही. त्याबद्दल खूप खूप आभार.

पलीकडच्या प्रेसची लाइन आता आम्हीच करतोय. टाकीची जागा ठरली, स्केच तुमच्या मुलाच्या फोनवर पाठवलंय, एकदा बघून घ्या. डम्प व्हॉल्व्ह पिटमध्ये न ठेवता वर ऑपरेटरच्या बाजूला आणलाय, त्यामुळे पाइप थोडा लांबला, चालेल ना? आणि पिनांची उंची एकसारखी नाहीये, दोन पिना कमी भरतात, त्यामुळे कुशन एका बाजूला तिरकं दबतंय. सगळ्या एकत्र ग्राइंडिंगला द्यायच्या की त्या दोनच नवीन करून घ्यायच्या, तेवढं कळवा.