कापुस्तिन यार

दापोली, रविवार रात्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

2024च्या फेब्रुवारीत रेडिओवरचे अमीन सायानी गेल्याची बातमी ऐकली, तेव्हाच तुला पत्र लिहायला बसलो होतो; दोन ओळी झाल्या आणि कागद तसाच राहिला. त्यानंतर तुझे दोनदा फोन आले आणि दोन्ही वेळा मी हवापाण्यावर बोलून वेळ मारून नेली, याचे मला वाईट वाटते. माझी प्रकृती ठीक आहे, नाना आता काठी घेऊन फिरतात. काल मुंबईत जे घडले, ते तुझ्याखेरीज कोणाला सांगून उमजणार नाही, म्हणून आज पुन्हा लिहितो आहे.

आमच्या शाळेचा दोघींचा संघ एका वाहिनीच्या आंतरशालेय प्रश्नमंजूषेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. कर्णधार दहावीतली, हुशार, धीट, माइकपुढे न अडखळणारी. दुसरी नववीतली, मुरुडची; तिला उत्तर येत असले तरी ते आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहते. (कोणाची आठवण झाली, ते लिहायला हवे का?) बझरच्या फेरीत प्रश्न आला: महाराष्ट्रातून भारतरत्न मिळालेली पहिली व्यक्ती कोण? कर्णधाराने बझर दाबला. मी तिसऱ्या रांगेत होतो, आणि मुरुडच्या मुलीचे ओठ मला स्पष्ट दिसले: 'धोंडो केशव कर्वे.' तिच्याच गावचे अण्णासाहेब, ज्यांना 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, हा सन्मान मिळाला. ही मुलगी रोज तेच नाव ऐकत शाळेत येते. कर्णधाराने तिच्याकडे पाहिले, क्षणभर थांबली आणि 'विनोबा भावे' असे ठामपणे उत्तर दिले. विनोबांना तो मरणोत्तर 1983 मध्ये मिळाला. गुण वजा झाले. शेवटच्या फेरीने तारले आणि आम्ही उपांत्य फेरीत गेलो, म्हणून सगळे आनंदात आहेत.

चुकीच्या उत्तराचे मला काही वाटले नाही. दिव्यांच्या झोतात चांगल्याचांगल्यांचे असे होते. पण चित्रीकरण संपल्यावर विज्ञानाच्या सरांनी विचारले, तेव्हा कर्णधार म्हणाली, 'सर, आम्हा दोघींनाही तसेच वाटले होते,' आणि मुरुडची मुलगी खाली पाहत राहिली. सुहास, ते वाक्य शब्दशः माझे आहे. 1996 मध्ये, पुण्याच्या निवड फेरीनंतर, हेडसरांपुढे मी तेच म्हटले होते आणि तू तसाच खाली पाहत उभा होतास.

आपले ते वर्ष मला रात्रभर आठवत राहिले. नानांच्या मते खरी प्रश्नमंजूषा म्हणजे 1972 मध्ये हमीद सायानींनी रेडिओवर सुरू केलेली आणि त्यांच्यानंतर अमीन सायानींनी चालवलेली बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट. आपण मात्र शेजारच्या केबलवर, झी टीव्हीवर, तीच स्पर्धा चालवणाऱ्या डेरेक ओब्रायनचा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर द्यायला धडपडायचो. तू बोर्नव्हिटा दुधात न घालता चमच्याने कोरडी खायचास आणि त्याला सराव म्हणायचास. काकूंना डबा महिन्याच्या आत कसा संपतो, हे कधीच कळले नाही. तपकिरी वही तुझी होती, त्यातले अक्षर तुझे होते आणि कर्णधारपद माझे होते, कारण माझा आवाज मोठा होता. त्यावरून आपण एसटीत साताऱ्यापर्यंत भांडलो होतो, हेही आठवते.

'आर्यभट्ट हा आपला पहिला उपग्रह कोठून सोडला गेला?' एवढाच तर प्रश्न होता. तू 'कापुस्तिन यार' म्हणालास. दोनदा म्हणालास. मी ते ऐकले होते, तरी 'बैकानूर' असे उत्तर दिले. राकेश शर्मा 1984 मध्ये बैकानूरच्या सोव्हिएत तळावरून अवकाशात गेले होते, आयआरएस-1ए हा उपग्रहही 1988 मध्ये तेथूनच गेला होता, म्हणून सोव्हिएत म्हटले की माझ्या डोक्यात बैकानूरच यायचे. पण आर्यभट्ट 19 एप्रिल 1975 रोजी कापुस्तिन यार या दुसऱ्या सोव्हिएत तळावरून गेल्याची नोंद तुझ्या वहीत होती आणि ती मी वाचलेली होती. हरलो, त्याचे दुःख केव्हाच ओसरले. मी हेडसरांना खोटे सांगितले आणि माझ्या चुकीतला अर्धा वाटा तुझ्या माथी मारला, हे मात्र आजवर कोणापुढे बोललो नाही, तुझ्यापुढेही नाही. दहावीत तू संघात आला नाहीस, गणिताच्या शिकवणीचे कारण दिलेस आणि मी ते मुद्दाम खरे मानले. त्याबद्दल मी तुझी मनापासून क्षमा मागतो.

आता माझी चिंता अशी आहे. उपांत्य फेरीचे चित्रीकरण पुढच्या शनिवारी आहे. सरांना वाटते, मुरुडच्या मुलीऐवजी दुसरी कोणी घ्यावी, कारण ती 'बोलत नाही'. ती बोलली होती, हे त्या सभागृहात फक्त तिघांना ठाऊक आहे. कर्णधाराला सर्वांदेखत खोटे ठरवले तर ती मोडेल. गप्प राहिलो तर दुसरी पुन्हा कधी ओठ हलवणार नाही. दोघींना एकत्र बसवून आधी आपली गोष्ट सांगावी, असे मनात आहे, म्हणजे कर्णधाराला स्वतःहून सरांकडे जायला वाट राहील. पण ती गोष्ट तुझीही आहे. त्या वेळी तुला जास्त कशाने लागले, मी तुझे ऐकले नाही त्याने, की नंतर जे बोललो त्याने? तू काहीच का बोलला नाहीस? हे कळल्याशिवाय मला त्या मुलीशी नीट बोलता येणार नाही.

वहिनींच्या बदलीचे काय झाले? धाकट्याच्या बारावीबद्दल ऐकून आनंद झाला. काकूंना नमस्कार सांग. वही अजून असेल, तर आर्यभट्टाच्या पानाचा फोटो पाठव, मुलींना दाखवायचा आहे. तुझे नाव घेऊन सांगू की न घेता, एवढे गुरुवारपर्यंत कळव. शुक्रवारी दुपारी आम्ही मुंबईला निघतो.

तुझा,
अनिल