काकांच्या गाडीचं पेट्रोलचं झाकण

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू म्हणालास की तुझ्या झेनचं पेट्रोलचं झाकण पण हल्ली दोन-तीनदा लिव्हर ओढल्याशिवाय उघडत नाही, आणि मी म्हणलं सगळं सविस्तर लिहून पाठवतो, तर आज बसलोय. पत्र मोठं होणार आहे, चहा घेऊन बस.

काकांची माझदा तुला आठवतेच. एमएक्स-5, पहिल्या पिढीतली, 1.6 लिटरवाली, दिवे लावले की डोळे उघडल्यासारखे हेडलाइट वर येतात ती. काका सिंगापूर सोडून कायमचे परत आले तेव्हा ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सच्या सवलतीत, म्हणजे परदेशातून मुक्काम हलवताना स्वतःची गाडी आणता येते त्यात, घेऊन आले होते, इथे ही गाडी कंपनीने कधी विकलीच नाही त्यामुळे शोरूम नाही, सर्व्हिस सेंटर नाही, जे काय आहे ते आपणच. काका गेल्यावर काकूने चावी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली की उभी ठेवू नकोस, चालव. मी चालवतो. 15 वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन पासिंग करून घ्यायचं, पर्यावरण कर भरायचा, ते सगळं नेमाने करतो. पण खरं सांगू का, या पावसाळ्यात ऑफिसच्या गडबडीत दोन महिने ती कव्हरखाली बिल्डिंगच्या आवारात उभी राहिली. तिथे वर बहाव्याचं झाड आहे. हे झाड लक्षात ठेव, पुढे येणार आहे.

काकूचा सत्तरावा वाढदिवस आज होता आणि मी तिला शब्द दिला होता की सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, छत उघडं टाकून घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत नेईन आणि येताना उपवनला थांबू. म्हणून आदल्या रविवारी गाडी काढली, काटा पार खाली, पंपावर गेलो, दोन सीटच्या मधल्या डब्याचं झाकण उचलून आतली लिव्हर ओढली आणि काहीच नाही. म्हणजे लिव्हर वर आली, पण मागून तो टक् आवाज आलाच नाही. परत ओढली. परत नाही. मागे रिक्षा आणि दोन गाड्या हॉर्न मारतायत, पंपावरचा पोरगा बिचारा मदत करायची म्हणून स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि झाकणाच्या फटीत घालणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला. तो लाल रंग अजून मूळचा आहे रे. एकदा त्या कडेला टवका उडाला की पहिल्याच पावसात तिथे गंज धरतो.

तिथून जवळच्या एका गॅरेजला नेली. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले साहेब, झाकणाला भोक पाडून पिन दाबू, नंतर डेंटिंग-पेंटिंग करून देऊ, कळणार पण नाही. मी नाही म्हणलं आणि टाकीत जे होतं त्यावर हळूहळू घरी आलो. मला राग भोक पाडण्याचा आला नाही, तो आला कारण नेमकं कुठे अडकलंय हे कोणी बघितलंच नाही. झाकण उघडत नाही म्हणजे झाकणच खराब असं धरून चालले सगळे.

आता यंत्रणा सांगतो, कारण तुझ्या झेनमध्येही साधारण हेच आहे. लिव्हरपासून मागच्या झाकणापर्यंत एक केबल जाते, अगदी सायकलच्या ब्रेकसारखी, बाहेर कव्हर आणि आत तार. तारेच्या मागच्या टोकाला खटका असतो, त्यात स्प्रिंगवर बसलेली एक पिन. लिव्हर ओढली की पिन मागे सरकते आणि झाकणामागची पत्र्याची छोटी पत्ती झाकणाला बाहेर ढकलते. म्हणजे बिघाडाच्या जागा मोजून चार. लिव्हरपाशी तार सुटली असेल, केबल आतून गंजली किंवा ताणली असेल, पिन जाम असेल, नाहीतर पिन नीट सरकतेय पण पत्तीत जोर उरलेला नाही. आणि यातली कुठली हे काहीही न तोडता कळतं. लिव्हर एकदम हलकी, लोंबल्यासारखी लागली तर तार सुटलीय किंवा तुटलीय. जड लागली, अर्ध्यात अडली तर केबल किंवा पिन. आणि लिव्हर नेहमीसारखी लागतेय पण झाकण उठत नाही तर बहुतेक पत्ती, तेव्हा एकाने लिव्हर ओढून धरायची आणि दुसऱ्याने झाकण तळहाताने हलकेच आत दाबून सोडायचं, बऱ्याचदा तेवढ्यानेच उघडतं. तू आधी हेच करून बघ.

माझी लिव्हर जड होती. संध्याकाळी लेकीला लिव्हर ओढून धरायला बसवलं आणि मी एक जुनं प्लॅस्टिकचं एटीएम कार्ड मऊ फडक्यात गुंडाळून फटीत सरकवलं, नुसतं जाणवायला, जोर लावायला नाही. ती म्हणाली, बाबा हाताला करकर लागतंय. पोरीचं बोट माझ्यापेक्षा शहाणं निघालं, कारण करकर म्हणजे गंज, म्हणजे तार शाबूत आहे आणि ओढ मागपर्यंत पोचतेय.

मग मागून हात घातला. या गाडीची बॅटरी डिकीत उजव्या बाजूला असते, म्हणून सगळ्यात आधी निगेटिव्ह टर्मिनल काढलं. पेट्रोलच्या नळीशेजारी काम आहे, ठिणगी नको, आणि गंज सोडवायला गरम हवा मारायचा विचार तर तू स्वप्नातही करू नकोस. झाकण डाव्या मागच्या बाजूला आहे, त्यामुळे डिकीतलं डावीकडचं कार्पेट सोडवलं, मोबाइलचा टॉर्च दातात धरला आणि मनगटापर्यंत हात आत घातला. पत्र्याच्या कडा धारदार असतात, जुना फुल शर्ट घाल. बोटांना आधी ओली माती लागली, मग केबलचं टोक लागलं. डब्ल्यूडी-40 नळीने पिनेवर दोनदा मारलं, जेवून आलो, अर्ध्या तासाने नोज प्लायरने तार धरून सरळ रेषेत, झटका न देता ओढली आणि लेकीला म्हणलं बाहेरून झाकण दाबून सोड.

टक्.

पक्या, तो आवाज ऐकून मी डिकीत तसाच वाकलेला राहिलो थोडा वेळ.

आत बघितलं तर सगळं समोर होतं. आतल्या बुचाच्या भोवती वाटीसारखा जो खळगा असतो, त्यातलं पाणी जायचं भोक बहाव्याच्या पाकळ्यांनी आणि धुळीने लिंपल्यासारखं बंद झालेलं. पाणी तिथेच साचून राहिलं, पिनेवर तांबूस गंजाची बुरशीसारखी साय आलेली आणि पत्तीचं एक टोक खाल्लेलं. दोन महिने गाडी उभी, खटका एकदाही हलला नाही, मग काय होणार. भोक मी मऊ नायलॉनच्या तारेने मोकळं केलं, आणि तेव्हाच आठवलं म्हणून कापडी छताच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांतली पाणी जायची भोकंही साफ केली, ती तुंबली की पाणी खाली उंबऱ्याच्या पत्र्यात उतरतं आणि या गाड्या तिथूनच कुजतात.

पिन बारीक पॉलिश पेपरने साफ केली आणि पांढरं लिथियम ग्रीस लावलं. डब्ल्यूडी-40 वर थांबू नकोस हां, ते गंज सैल करायला उत्तम आहे पण वंगण म्हणून टिकत नाही. पत्ती पक्कडीने जरा बाहेर वाकवली, सध्या चालतेय. नवीन मागवायचं बघतोय. माझदाने 2017 मध्ये जपानात या पहिल्या पिढीच्या गाड्या रिस्टोअर करायचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्यासाठी बंद झालेले काही पार्ट परत बनवायला घेतले, पण त्यात ही पत्ती मिळेल असं धरून मी बसलेलो नाही, वागळे इस्टेटमध्ये कोणाकडून तरी स्प्रिंग स्टीलची कापून घेईन.

राहिली केबल. इथे मला तुझे बाबा आठवले. गणपतीच्या आधी ते चेतकची क्लच केबल काढून गॅलरीच्या गजाला टांगायचे, वरच्या टोकाला दुधाच्या पिशवीचा कोन दोऱ्याने घट्ट बांधायचे आणि त्यात शिलाई मशीनचं तेल ओतायचे. आपण दोघं खाली वर्तमानपत्र पसरून बसायचो, तेल दुसऱ्या टोकाला कधी उतरतं बघत. आधी काळं यायचं, मग तपकिरी, मग स्वच्छ. बाबा म्हणायचे स्वच्छ थेंब दिसेपर्यंत केबल काढायची नाही. मी तेच केलं. छत उघडून लिव्हरकडचं टोक सोडवलं, जेवढं वर येतं तेवढं उभं करून पार्किंगच्या पाइपला बांधलं, पिशवीचा कोन केला आणि तेल घालून रात्रभर ठेवलं, मागच्या टोकाला फडकं. सकाळी साडेसहाला खाली गेलो तर फडक्यावर काळा डाग आणि त्याच्या मधोमध पिवळसर स्वच्छ ठिपका. तुझ्या बाबांना हे नक्की सांग. मी फोन करणारच आहे, पण तू आधी सांग.

एक गोष्ट जास्तीची केली. चेंदणी कोळीवाड्यातून जाळ्याची बारीक नायलॉन दोरी आणली, एक हातभर तुकडा डिकीच्या आत खटक्याच्या तारेला गाठ मारून कार्पेटमागे लपवून ठेवला. उद्या केबल तुटली तरी डिकी उघडायची, दोरी ओढायची, झालं. दोरी ढिली ठेवायची एवढं बघ, ताणलेली राहिली तर पिन पूर्ण बसणार नाही आणि चालत्या गाडीत झाकण उघडेल. तुझ्या झेनला पण करून टाक, वीस मिनिटांचं काम आहे, आणि लिव्हर जड लागतेय तोवरच कर.

आज सकाळी सव्वासहाला काकू खाली आली. मोतिया रंगाची साडी, डोक्याला स्कार्फ, काकांचा गॉगल. आधी पंपावर गेलो, तोच पंप. मी इंजिन बंद केलं आणि मधल्या डब्याकडे हात नेला तर तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, हे माझं काम आहे, ते उतरून मागे जायचे आणि लिव्हर मी ओढायचे, सिंगापूरपासून. मला हे माहीतच नव्हतं रे. इतकी वर्षं गाडी माझ्याकडे आहे आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मग मी उतरलो, मागे जाऊन उभा राहिलो, तिने डब्याचं झाकण उचलून लिव्हर ओढली आणि एका ओढीत उघडलं. तिने आतूनच विचारलं, उघडलं का? मी म्हणलं हो काकू, उघडलं.

टाकी फुल केली आणि गायमुखला जाऊन आलो.

तुझा,
मन्या