पहिला नंबर म्हणजे अख्खा वर्ग नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ‘कुठल्या देशात कोणतं गाणं पहिलं’ हा जगाचा नकाशा पाहिला. दिसायला देखणा, पण सांगतो फार थोडं. एका गाण्याचा एक रंग, की झाला देश रंगवून! जेमतेम चार लाखांचं आइसलँड आणि एकशे चाळीस कोटींचा भारत, दोघांना एकेकच रंग. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं त्या नकाशावर विसंबू नका, आफ्रिका चौदा पट मोठी आहे, हे मी वर्गात जन्मभर सांगत आले. त्यामुळे राहवेना.

नातवाला बसवून स्पॉटिफायवरच्या एकाच दिवसाच्या, आठ देशांच्या पहिल्या पन्नास गाण्यांच्या याद्या काढून घेतल्या. आलेखाच्या कागदावर देश आडवे लिहिले, तेच उभे लिहिले, आणि दोन देशांत जितकी गाणी सारखी तितका त्यांचा चौकोन गडद केला. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या चौकोनात पेन्सिलीचं टोक मोडलं. स्पेन आणि मेक्सिको यांच्यामध्ये अख्खा अटलांटिक, तरी चौकोन बऱ्यापैकी भरला. ब्राझील मात्र पोर्तुगीज बोलणारा, स्वतःच्याच गाण्यांत रमलेला. जपान आणि भारत यांच्या रांगा जवळजवळ कोऱ्या. नकाशात नजर सीमेवरच्या शेजाऱ्याकडे जाते. गाण्याचा शेजार बहुतेक भाषेचा असतो, हे या चौकोनांत चटकन दिसतं.

भारताच्या कोऱ्या रांगेतही गोम आहे. पंजाबी, तमिळ, मराठी सगळे त्या एका रांगेत कोंबलेले. आमच्या गल्लीत भाजीचा टेम्पो येतो, त्याच्या पेनड्राइव्हवरची गाणी तर कुठल्याच यादीत नाहीत.

म्हणून काय मोजलं, कुठे मोजलं, हे चित्राखाली छापायलाच हवं. ब्रिटनची पहिली लोकप्रिय गाण्यांची यादी १९५२ची. एका साप्ताहिकाने वीसेक रेकॉर्ड दुकानांना फोन करून ती बनवली. त्याच वर्षी बिनाका गीतमाला सुरू झाली. तिच्यात पुढे क्रम लागू लागले ते रेकॉर्डची विक्री आणि श्रोतासंघांचा कौल पाहून, आणि कार्यक्रम लागायचा रेडिओ सिलोनवर! आकाशवाणीने सिनेसंगीताला दार लावलं होतं ना. (ते लावणारे मंत्री बाळकृष्ण केसकर आपले पुण्याचेच.) म्हणजे आपल्या देशाची आवड आम्ही मिरजेत बसून परक्या देशाच्या रेडिओवर ऐकत होतो. जपानमध्ये आजही सीडी बक्कळ खपतात. नुसतं ऑनलाइन ऐकणं मोजलं तर ते सगळे गिऱ्हाईक गायब.

पुढच्या वेळी नकाशाशेजारी असा चौकोनांचा तक्ता द्यावा, ही विनंती. माझा कागद सोबत जोडला आहे. स्वित्झर्लंडच्या रांगेत चहा सांडला आहे, तो आकडा धरू नये.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, मिरज