मूळ रचना आधी ऐकवा

माननीय संपादक महोदय,

पाश्चात्त्य अभिजात रचना घेऊन एकट्याने पियानोवर त्यांचा जॅझच्या अंगाने विस्तार करणाऱ्या कलाकारांच्या मैफली मुंबईत अधूनमधून होतात. बाख किंवा शोपँ यांनी एकेक स्वर विचारपूर्वक लिहून ठेवला असताना त्यात फेरफार करण्याचा अधिकार या वादकाला कोणी दिला, असा आक्षेप त्यानंतर हमखास ऐकू येतो. तो घेणारे बहुधा मन लावून ऐकणारे असतात, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावे असे मला वाटते.

ज्यांच्या वतीने हा आक्षेप घेतला जातो, ते संगीतकार स्वतःच उत्स्फूर्त वादनासाठी नावाजलेले होते. १७४७ मध्ये पॉट्सडॅमच्या दरबारात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने दिलेल्या स्वरावलीवर बाख यांनी तिथल्या तिथे तीन स्वररेषांची फ्यूग, म्हणजे एकच स्वरावली वेगवेगळ्या स्वररेषांत पाठोपाठ गुंफणारी रचना, वाजवली. मोत्झार्ट यांच्या पियानो कन्चेर्टोंमध्ये, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांमध्ये, वाद्यवृंद थांबतो आणि वादकाला स्वतःच्या मनाने वाजवण्यासाठी कॅडेन्झाची जागा मोकळी मिळते. पुढे बेथोवेन यांनी आपल्या पाचव्या कन्चेर्टोत ही मुभा काढून घेतली; तिथे कॅडेन्झा करू नये, अशी सूचनाच त्यांनी स्वरलिपीत लिहिली आहे. एकोणिसाव्या शतकात लिखित स्वराचे वजन असे वाढत गेले आणि वादकाची उपज अभिजात मैफलीतून हळूहळू बाहेर पडली. जॅझ पियानोवादक तीच परत आणतो.

गोल्डबर्ग व्हेरिएशन्स या १७४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाख यांच्या रचनेत आरंभीच्या आरिया या धुनेनंतर तिची तीस रूपे, म्हणजे व्हेरिएशन्स, येतात. ती आरियाच्या वरच्या सुरावटीवर बेतलेली नसून तिच्या खर्जातील ओळीवर आणि त्या ओळीतून उभ्या राहणाऱ्या हार्मनीवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळावर, बेतलेली आहेत. सुरावट बाजूला ठेवायची, हार्मनीचा क्रम राखायचा आणि त्यावर नवे काही रचायचे, ही तर जॅझ वादकाची रोजची रीत आहे. जॅझ पियानोवादक डॅन टेप्फर यांनी २०११ च्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक व्हेरिएशन आधी लिहिल्याबरहुकूम वाजवले आणि लगेच त्यावर स्वतःचा उत्स्फूर्त विस्तार केला. जॅझ पियानोवादक ब्रॅड मेल्डाऊ यांनीही २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणात बाख यांच्या मूळ रचना आणि त्यांवरून सुचलेल्या स्वतःच्या रचना शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. दोन्ही ठिकाणी मूळ रचना ताजी कानात असतानाच विस्तार ऐकू येतो, आणि माझ्या मते त्यांच्या यशाचे निम्मे श्रेय या मांडणीला आहे.

ख्यालात बंदिश चार ओळींची असते आणि मैफल रंगते ती तिच्या बढतीत, त्यामुळे मराठी श्रोत्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. परंतु ख्यालात रागाची चौकट असते आणि वर्ज्य स्वर लागला तर जाणकाराच्या तो तत्काळ ध्यानात येतो, तशी सोय इथे नाही. जॅझ वादक कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) बदलू शकतो, लय मोडू शकतो, सुरावट पूर्णपणे झाकू शकतो. मूळ रचना ठाऊक नसलेल्या श्रोत्याला त्याने काय राखले आणि काय सोडले हे कळण्याचा मार्गच उरत नाही. बाख यांच्या सी मेजर प्रील्यूड या छोट्या रचनेत तर वेगळी अशी सुरावटच नाही, जवळजवळ प्रत्येक बारमध्ये (ठरावीक मात्रांच्या गटात) एक कॉर्ड सुटा सुटा वाजतो. शेवटाकडे खर्जात सलग आठ बार पंचम धरून ठेवला आहे आणि षड्जावर परतण्याची सगळी ओढ त्यातून निर्माण होते. वादकाने वरचे कॉर्ड कितीही रंगवले तरी ही ओढ टिकवली, तर मी त्याला प्रील्यूडचा विस्तार म्हणेन. ती गेली तर प्रील्यूडचे केवळ नाव उरते.

एकल वादनात हे आणखी अवघड होते, कारण एरवी बेसवादक आणि ड्रमवादक जे सांभाळतात, ते सगळे डाव्या हातावर येते. जॅझ पियानोवादक आर्ट टेटम यांनी १९४० मध्ये संगीतकार ड्वोरझाक यांची ह्यूमोरेस्क ही छोटी पियानो रचना ध्वनिमुद्रित केली. डावा हात खालचा स्वर आणि वरचा कॉर्ड यांच्यात झेपा घेत लय धरतो, उजवा हात तानांची बरसात करतो, आणि तरीही मूळ चाल हरवत नाही. याउलट लोकप्रिय सुरावट घ्यायची, तिला स्विंगची, म्हणजे जॅझची झोकदार, लय द्यायची आणि वेग वाढवत टाळ्यांपर्यंत न्यायची, असे वादनही पुष्कळ होते. त्याबाबत आक्षेप घेणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत आहे. जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांची १९७५ ची जर्मनीतील कोलोनमधील एकल मैफल संपूर्ण उत्स्फूर्त होती, परंतु बाख यांच्या वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर या प्रील्यूड आणि फ्यूगांच्या संग्रहाचा पहिला खंड वाजवताना त्यांनी स्वतःची भर घातली नाही. कुठे हात आवरायचा याची ही जाण मला फार मोलाची वाटते.

ज्या मुंबईत १९३० च्या दशकात अमेरिकन जॅझ पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी ताजमहाल हॉटेलात पियानो वाजवला आणि १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, त्या शहरातील श्रोत्यांकडून जाणकारीची अपेक्षा जरूर करावी. मात्र तिला वावही द्यावा. आयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत मूळ रचनेचे नाव आणि स्वरपट्टी मराठीतही छापावी, आणि छोटी रचना असेल तेव्हा ती आधी जशीच्या तशी वाजवण्याची विनंती वादकाला करावी. सी मेजर प्रील्यूडला दोन-अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ख्यालाच्या मैफलीचे परीक्षण लिहिताना राग, ताल आणि बंदिश आवर्जून नोंदवली जाते. पियानोच्या मैफलीबद्दल मात्र श्रोते मंत्रमुग्ध झाले एवढेच वाचायला मिळते. आपल्या समीक्षकांनी अशा मैफलींबद्दल लिहिताना कोणती रचना निवडली होती, वादकाने तिची हार्मनी कुठे राखली, कुठे बदलली आणि तो बदल पटला की नाही, हे स्पष्टपणे लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक
दादर, मुंबई