‘वर आली’ हे क्रियापद खोडणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुमचं नाव कुठेही येता कामा नये, असं तुम्ही बजावलंत, म्हणून हे पत्र बिननावाचं. पण आभार मात्र चारचौघांत मानणार. त्याला तुमची हरकत चालणार नाही.

दुर्गम ज्वालामुखी बेटांवरचा मजकूर भाषांतराला आला तेव्हा मला वाटलं, आठवड्याचं काम. पहिलं वाक्य झोकात लिहिलं : ‘लाखो वर्षांपूर्वी ही बेटं समुद्रातून वर आली.’ ओळखीतून ओळख काढून मसुदा तुमच्याकडे धाडला. निवृत्त भूवैज्ञानिक आहेत, नजरेखालून घालतील, एवढीच अपेक्षा. तुमचा फोन आला तो थेट त्या क्रियापदावरच. “वर आली? कोणी ढकलली? अहो, असं बेट वर येत नाही, रचलं जातं. तळापासून, थरावर थर.”

मग हवाईतल्या मौना किआ या ज्वालामुखीचं गणित सांगितलंत. समुद्रसपाटीपासून ४,२०७ मीटर, पण सागरतळावरच्या पायथ्यापासून मोजला तर दहा हजार मीटरच्या वर. म्हणजे आपण ज्याला बेट म्हणतो तो नुसता शेंडा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन दगडांचे फोटो पाठवलेत. दोन्ही बसाल्टच. एकाला काचेसारखी काळी साल, आत छिद्रं जवळजवळ नाहीतच; दुसरा स्पंजासारखा. पहिला खोल पाण्यात थिजलेला. तिथे पाण्याचा दाबच इतका की शिलारसातल्या वायूला फुगायला वाव मिळत नाही, लाव्हा उशांसारखे गोळे होऊन मुकाट पसरतो. शेंडा पृष्ठभागाजवळ पोचला की दाब सुटतो, वायू मोकळा होतो आणि पाण्याशी गाठ पडून स्फोट होतात. आइसलँडजवळ १४ नोव्हेंबर १९६३ रोजी मासेमारी बोटीवरच्या लोकांना धूर दिसला तो हाच टप्पा. सुमारे १३० मीटर खोलीवरून सुरुवात करून सुर्त्से बेट तेव्हा पाण्याबाहेर डोकावण्याच्या बेतात होतं. ते दोन फोटो अजून माझ्या मोबाइलवर आहेत. घरच्यांना दाखवले तर म्हणाले, “दगडच ना?”

माझी खरी अडचण होती हवाईची. ज्वालामुखी भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, कडांवर असतात, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. हवाई तर पॅसिफिक भूपट्टाच्या पार मधोमध. यावर तुम्ही शिलाई मशीन काढलंत. सुई जागच्या जागी, कापड पुढे सरकतंय, टाके पडत चाललेत. सुई म्हणजे कवचाखालच्या थरातला, प्रावरणातला, तप्तबिंदू; कापड म्हणजे भूपट्ट; टाके म्हणजे बेटं. कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा नामांकित नियतकालिकांनी लेख परत पाठवला आणि अखेर तो कॅनडातल्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला, हे ऐकून मला, का कोण जाणे, फार बरं वाटलं.

त्या रात्री मी स्वतः हिशेब करून पाहिला. हवाईतल्याच काउआई बेटाचं वय सुमारे ५१ लाख वर्षं, सध्या धगधगणाऱ्या किलाउएआ ज्वालामुखीपासूनचं अंतर सुमारे ५२० किलोमीटर. वर्षाला दहा सेंटिमीटर! तुम्हाला कळवलं, तर उत्तर आलं, “बरोबर. आता टाके पुढे मोजा.” पुढे म्हणजे वायव्येला, पाण्याखालच्या डोंगरांची रांग. सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या टाक्याशी ती एकदम उत्तरेकडे वळते. कापड फिरवलं, असं मी लिहून टाकलं. चार दिवसांनी तुमचा पुन्हा फोन : “माझीच उपमा अपुरी पडली. त्याआधीच्या काळात सुईही दक्षिणेकडे सरकत होती, असं जुन्या खडकांमधल्या चुंबकत्वावरून दिसतं. तेवढं वाक्य सैल करा.” स्वतःच्या उपमेतली खोट दाखवायला कोणी आपणहून फोन करतं का हो?

अटलांटिकचा भाग त्या मानाने लवकर उरकला. असेन्शन बेट समुद्राखालच्या मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या जवळच. बूव्हे बेट तीन भूपट्ट भिडतात त्या जागेपाशी, बहुतेक सगळं बर्फाखाली. ट्रिस्टन द कुन्याचा ज्वालामुखी १९६१ मध्ये जागा झाला तेव्हा सगळ्या वस्तीला इंग्लंडला न्यावं लागलं. १९६३ मध्ये बहुतेक जण परत गेले, हे तुम्ही आग्रहाने घालायला लावलंत.

आणि बुडण्याचा परिच्छेद. मूळ मजकुरात तो एका ओळीत आटपला होता. बेट रचलं जात असतानाच खचतही असतं, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. डोंगराच्या वजनाने खालचा भूपट्ट वाकतो. शिवाय सागरतळ जसजसा जुना आणि थंड होतो तसतसा जड होऊन खाली जातो, आणि पाठीवरच्या बेटालाही नेतो. उष्ण समुद्रात काठाचे प्रवाळ तेवढ्याच चिकाटीने वर वाढत राहतात. डोंगर दिसेनासा होतो, प्रवाळांचं कडं, म्हणजे कंकणद्वीप, उरतं. डार्विनने हे १८४२ मध्ये लिहिलं. १९५२ साली पॅसिफिकमधल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर दोन ठिकाणी छिद्रं पाडली तेव्हा जवळपास १,२८० आणि १,४०० मीटर प्रवाळी चुनखडीखाली बसाल्ट लागला. एकशे दहा वर्षांनी! फोनवर हे सांगताना तुमचा आवाज चढला होता.

मजकूर छापून आला. मानधनाचा विषय काढला तर तुम्ही फोनच ठेवलात.

आता गॅलापागोसवरचं काम आलंय. पहिलं वाक्य लिहिलंय, क्रियापदाची जागा तेवढी कोरी सोडलीय. रविवारी सकाळी फोन करते.

तुमची आभारी,
एक भाषांतरकार